प्रतिदर्शाचा आकार

प्रतिदर्शाचा आकार : एखाद्या मोठ्या समूहातील किती घटकांच्या अंगी विशिष्ट गुणधर्म आहे, हे प्रत्येक घटक न तपासता काही निवडक घटकांवरून ठरवावयाचे असेल, तर असे घटक किती निवडावेत, हा सांख्यिकीतील एक मूलभूत प्रश्न आहे. ज्या समूहाविषयी माहिती हवी असते त्यास समष्टी, त्यातून निवडलेल्या घटकांस प्रतिदर्श अथवा नमुना आणि गुणधर्म असलेल्या घटकांचा एकूण घटकांशी जो हिस्सा असतो त्यास समष्टि-प्रमाण म्हणतात. साक्षर व्यक्तींचे, लस टोचलेल्या बालकांचे, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचे किंवा क्षारपड झालेल्या शेतांचे प्रमाण ही याची परिचित उदाहरणे होत. समूह जितका मोठा तितका नमुनाही मोठा हवा, निदान शेकडा पाच किंवा दहा घटक तरी पाहिले पाहिजेत, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. नमुन्याची पुरेशी संख्या मुख्यतः अपेक्षित अचूकतेवर अवलंबून असते. समष्टीच्या आकाराचा तिच्याशी फार थोडा संबंध असतो. हे तत्त्व गणितात सिद्ध होऊन शासनव्यवहारात रूढ होण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला.

तत्त्व व शिरोळचे उदाहरण : शिरोळ हा कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, कर्नाटकाच्या सीमेलगतचा तालुका. कृष्णा व पंचगंगा यांचा संगम याच तालुक्यात नृसिंहवाडी येथे होतो. नदीकाठची काळी कसदार जमीन, उपसा सिंचन आणि ऊस यांमुळे हा भाग संपन्न झाला. परंतु अतिरिक्त पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे येथील बरीच जमीन पाणथळ व क्षारयुक्त झाली. जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून पाण्याचा निचरा करण्याच्या कामी शिरोळ येथील श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेतला. असे काम खर्चाचे असते. म्हणून ‘तालुक्यातील शेकडा किती शेते क्षारपड आहेत?’ हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहत नाही. कर्ज, अनुदान आणि कामाचा क्रम त्यावर ठरतो.

सातबारा उताऱ्यांवरील गटांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, ‘न’ गट निवडले व त्यांची माती तपासली असे समजू. खरे प्रमाण ‘प’ असेल, आणि अंदाज खऱ्या प्रमाणापासून ‘त’ या मर्यादेपेक्षा अधिक दूर जाऊ नये अशी अपेक्षा असेल, तर

न = य² × प × (१ − प) ÷ त²

या सूत्राने नमुन्याचा आकार मिळतो. ‘य’ हा गुणक आपल्याला किती खात्री हवी त्यावरून ठरतो. शंभरांपैकी ९५ वेळा अंदाज मर्यादेत राहावा अशी अपेक्षा असल्यास तो १·९६ असतो. येथे एक अडचण दिसते : जे ‘प’ शोधावयाचे तेच सूत्रात आधी घालावे लागते. तीतून सुटण्याचा मार्ग असा की, प × (१ − प) या गुणाकाराचे मूल्य ‘प’ निम्मे असताना सर्वांत अधिक, म्हणजे ०·२५ असते. ते घेतले असता मिळणारी संख्या कोणत्याही परिस्थितीत पुरेशी ठरते. ५ टक्क्यांच्या मर्यादेसाठी ती ३८५ येते. मर्यादा निम्मी, म्हणजे अडीच टक्के केली, तर संख्या दुप्पट न होता चौपट, म्हणजे १,५३७ होते. १ टक्क्याच्या मर्यादेसाठी ९,६०४ घटक तपासावे लागतात. अचूकतेची किंमत अशी वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते.

या सूत्रात समष्टीचा आकार कोठेही आलेला नाही. समष्टी लहान असता एक दुरुस्ती करावी लागते. तिच्यानुसार ५०० घटकांच्या समूहासाठी २१८ आणि २,००० घटकांच्या समूहासाठी ३२३ घटक पुरतात. शिरोळ तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. ३·९ लाख होती. तेथील व्यक्तींविषयीच्या एखाद्या प्रमाणासाठी ३८४ व्यक्ती लागतील. ११ कोटी २३ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महाराष्ट्र राज्यासाठी ३८५ लागतील. फरक एका व्यक्तीचा आहे. भाताचे पातेले लहान असो वा मोठे, ते नीट ढवळलेले असेल तर शिते तितकीच चाचपावी लागतात. अट मात्र ‘नीट ढवळलेले’ ही आहे आणि या विषयाचा पुढील सर्व इतिहास त्या अटीभोवती फिरतो.

आरंभीचा इतिहास : या प्रश्नाला पहिले आकडेवार उत्तर स्विस गणितज्ञ याकोप बेर्नुली यांनी दिले. त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पांढऱ्या व काळ्या खड्यांचे उदाहरण आहे. पात्रात ३० पांढरे व २० काळे खडे आहेत. दर वेळी एक खडा काढून, तो पाहून, पुन्हा पात्रात टाकावयाचा. असे किती वेळा केले म्हणजे पांढऱ्यांचे आढळलेले प्रमाण ५८ ते ६२ टक्क्यांच्या दरम्यान येण्याची शक्यता न येण्याच्या हजारपट होईल? बेर्नुलींचे उत्तर २५,५५० असे होते. एवढी निरीक्षणे व्यवहारात कोण करणार? या संख्येनेच त्या काळी पद्धतीचा उपयोग मर्यादित केला असे म्हणता येईल. पुढे १७३३ मध्ये आब्राआम द म्वाव्र यांनी द्विपद वंटनाऐवजी ज्या वक्राचा उपयोग करता येतो तो शोधून काढला. तो आज प्रसामान्य वक्र म्हणून ओळखला जातो. त्याच्या साहाय्याने बेर्नुलींचे उदाहरण सोडविल्यास सु. साडेसहा हजार निरीक्षणे पुरतात. निसर्गात काहीही बदलले नव्हते. गणित सूक्ष्म झाले आणि तीन चतुर्थांश श्रम वाचले.

या विचाराचा देशव्यापी उपयोग फ्रेंच गणितज्ञ प्येअर सीमाँ लाप्लास यांनी केला. फ्रान्समध्ये जन्मांची नोंद होत असे, परंतु लोकसंख्या ठाऊक नव्हती. काही भागांतील माणसे प्रत्यक्ष मोजून दर जन्मामागे किती लोकसंख्या पडते हे काढावे व त्या गुणोत्तरावरून देशाची लोकसंख्या ठरवावी, अशी त्यांची रीत होती. अपेक्षित अचूकतेसाठी दहा ते बारा लाख लोकांची मोजणी करावी लागेल, असे त्यांनी मोजणीपूर्वीच गणिताने दाखविले होते. १८०२ मध्ये ३० विभागांतील निवडक गावांत प्रत्यक्षात २०,३७,६१५ लोक मोजले गेले. मात्र ही गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. जेथील अधिकारी दक्ष व उत्साही होते ती घेतली होती. संख्येचा प्रश्न सुटला होता. निवडीचा सुटला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात संपूर्ण गणनेवर भर राहिला. १८९५ मध्ये बर्न येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अधिवेशनात नॉर्वेचे आंडर्स निकोलाय केअर यांनी ‘प्रातिनिधिक पद्धती’ मांडली, तेव्हा तिला मोठा विरोध झाला. मोजणे शक्य असता अंदाज कशासाठी, असा विरोधकांचा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये आर्थर बाउली यांनी १९१२ मध्ये रेडिंग या शहरातील श्रमिक कुटुंबांची पाहणी करताना सु. वीस घरांमागे एक घर घेतले आणि निष्कर्षांबरोबर त्यांतील संभाव्य त्रुटीही सांगितली. १९३४ मध्ये येर्झी नेमन यांनी हेतुपुरस्सर निवडलेला नमुना व यादृच्छिक नमुना यांतील भेद स्पष्ट केला. नमुना यादृच्छिक असेल तरच अंदाजाभोवती खात्रीची मर्यादा आखता येते, हे त्यांनी दाखविले. वर दिलेल्या सूत्रास आज जो अर्थ आहे तो नेमन यांच्या या कार्यामुळे आहे.

दोनच वर्षांनी अमेरिकेत या भेदाची कसोटी लागली. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सु. एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या व त्यांवरून लँडन विजयी होतील असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सु. ६१ टक्के मते मिळाली व लँडन यांना केवळ दोन राज्ये जिंकता आली. साप्ताहिकाच्या याद्या मुख्यतः दूरध्वनी व मोटारगाड्या असणाऱ्यांच्या होत्या. शिवाय पत्रिका परत पाठविणारे व न पाठविणारे यांची मते सारखी नव्हती. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून निकालाची दिशा अचूक सांगितली. नमुना मोठा केल्याने योगायोगाने होणारी त्रुटी कमी होते; एका बाजूला झुकलेल्या निवडीची त्रुटी, म्हणजे अभिनती, तशीच राहते.

भारत व महाराष्ट्र : महाराष्ट्रातील आरंभीच्या ग्रामीण पाहण्या एकेका गावाच्या होत्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा सखोल अभ्यास करून तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. एक गाव पूर्ण कळले. पण त्यावरून दख्खनविषयी किती खात्रीने बोलता येईल, हे सांगण्याचे साधन त्या रीतीत नव्हते. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. कोल्हापूर शहराच्या सामाजिक पाहणीचे नी. वि. सोवनी यांचे तीन खंड १९४८ ते १९५२ या काळात याच संस्थेने प्रसिद्ध केले. याच सुमारास कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले (१९४९). आजच्या तालुक्यातील कुरुंदवाड ही त्याआधी पटवर्धनांच्या वेगळ्या संस्थानाची राजधानी होती. नमुना निवडण्यापूर्वी एकसंध यादी हवी असते; संस्थानांच्या विलीनीकरणाने ती तयार होण्याचा मार्ग मोकळा झाला.

अखिल भारतीय पातळीवर प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी या विषयाला नवे वळण दिले. त्यांनी १९३१ मध्ये कलकत्ता येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३७ पासून बंगालमधील तागाच्या क्षेत्राच्या नमुना पाहण्या हाती घेतल्या. तेथे त्यांनी प्रश्नच बदलला. ‘इतक्या अचूकतेसाठी किती नमुना हवा?’ एवढेच न विचारता ‘उपलब्ध पैशांत अधिकात अधिक अचूकता कशी मिळेल?’ असे त्यांनी विचारले. अन्वेषकाचा प्रवास, मोजणी आणि आकडेमोड यांचा खर्च त्यांनी समीकरणात आणला. लहान प्राथमिक पाहणी करून मग मोठ्या पाहणीचा आकार ठरविण्याची पद्धत पाडली. आणि एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र गटांकडून नमुने घेऊन माणसांच्या हातून होणाऱ्या चुकांचा अंदाज घेतला. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष होते व गाडगीळ सदस्य होते. १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी याच विचारातून आली.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीककापणी प्रयोगांची पद्धती उभी केली. कापणीसाठी घेतलेला तुकडा फार लहान असेल तर कडेवरची रोपे आत धरली जातात व उत्पन्न वाजवीपेक्षा अधिक दिसते, असे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. तुकड्यांची संख्या वाढवून ही चूक जात नाही, हा त्यातील बोध होता. या मुद्यावर महालनोबीस यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि त्या वादातून पीककापणीची पद्धत अधिक काटेकोर झाली. नमुना पाहणीच्या सिद्धांतावरील सुखात्मे यांचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

गुच्छ व दुर्मिळ गुणधर्म : तालुक्यातील ३८५ गट एकेक करून निवडले, तर अन्वेषकाला पन्नासांहून अधिक गावे हिंडावी लागतील. म्हणून व्यवहारात आधी काही गावे व मग त्या गावांतील काही घटक निवडतात. पण एका गावातील शेजाऱ्यांत साम्य असते. दुसरा शेजारी पहिल्याने सांगितलेलेच बरेचसे पुन्हा सांगतो. प्रत्येक गावातून २० गट घेतले आणि परस्परसाम्याचा गुणांक ०·०५ धरला, तर नमुना १·९५ पट, म्हणजे ७५१ करावा लागतो. क्षार सखल भागात सलग पट्ट्यांनी पसरत असल्याने हे साम्य बरेच अधिक असू शकते. गुणांक ०·२ धरल्यास संख्या १,८४८ वर जाते. अशा वेळी नदीकाठची सखल जमीन व उंचावरील जमीन असे स्तर पाडून प्रत्येकातून स्वतंत्र नमुना घेणे हितावह ठरते. लसीकरणाच्या जगभरातील पाहण्यांत रूढ झालेली ३० गुच्छ व प्रत्येकी ७ बालके ही २१० ची संख्याही याच हिशोबातून आली आहे : १० टक्क्यांच्या मर्यादेसाठी लागणारी सु. ९६ ही संख्या गुच्छांमुळे दुप्पट केली असता १९२ येते व ती ३० गुच्छांत वाटताना २१० होते.

गुणधर्म दुर्मिळ असल्यास वेगळी अडचण येते. शंभरांत एकास असलेला विकार ५ टक्क्यांच्या मर्यादेने मोजणे निरर्थक होय. तो ०·२ टक्क्याच्या मर्यादेत मोजावयाचा तर ९,५०८ व्यक्ती तपासाव्या लागतात. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४५ मध्ये यावर उपाय सुचविला : नमुन्याचा आकार आधी ठरवू नये, दुर्मिळ घटक ठरावीक संख्येने सापडेपर्यंत शोध चालू ठेवावा.

प्रमाण, रेषा व निर्णय : विनायक महादेव दांडेकर (१९२०–९५) व नीलकंठ रथ यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून १९७१ मध्ये दाखविले की, १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सु. ४० टक्के व शहरांतील सु. ५० टक्के लोकांना दरडोई दररोज २,२५० कॅलरींचा आहार मिळण्याइतकाही खर्च करता येत नव्हता. पुढे याच रेषेविषयी सुखात्मे व दांडेकर यांच्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यातच जन्मलेल्या दोन संख्याशास्त्रज्ञांत, मोठा वाद झाला. एकाच व्यक्तीची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते व शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेची रेषा कुपोषितांचे प्रमाण फुगविते, असे सुखात्मे यांचे म्हणणे होते. दांडेकर यांना ते मान्य नव्हते. येथे नमुना एकच होता आणि पुरेसा मोठा होता. तरी रेषा कोठे आखावी यावरून भुकेल्यांची संख्या कोट्यवधींनी बदलत होती. कोणाला मोजावयाचे हे ठरविण्याचे काम नमुन्याचे सूत्र करीत नाही.

क्षेत्राधारित पीकविम्याची कल्पनाही दांडेकर यांनी १९७६ मध्ये मांडली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक नियमांत प्रमुख पिकांसाठी तालुक्यास किमान १६, महसूल मंडलास १० आणि ग्रामपंचायतीस ४ पीककापणी प्रयोग सांगितले होते. येथे प्रमाणाऐवजी सरासरी काढली जात असली, तरी तर्क तोच आहे. क्षेत्र लहान केले म्हणजे भरपाई शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष नुकसानीच्या जवळ येते; पण प्रयोग कमी झाल्याने योगायोगाचा भाग वाढतो.

लहान क्षेत्रांचा प्रश्न : राज्याला जितका नमुना लागतो तितकाच तालुक्यालाही लागतो, या तत्त्वाची दुसरी बाजू तालुक्यांना जाचक आहे. महाराष्ट्रातील सु. ३५० तालुक्यांना प्रत्येकी ३८४ घटक घेतले, तरी एकूण संख्या १,३४,४०० होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) साऱ्या महाराष्ट्रातील ३१,६४३ कुटुंबे घेतली होती. तीतून कोल्हापूर जिल्ह्याचे आकडे मिळतात. शिरोळचे मिळत नाहीत. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ, अतिपावसाचे तालुके आणि २००५, २०१९ व २०२१ चे महापूर सोसलेला हा नदीकाठचा तालुका यांची सरासरी एकाच आकड्यात मिसळून जाते. तालुक्यातील पन्नास गावांना स्वतंत्र आकडे द्यावयाचे, तर प्रत्येकी तीनशे घटक धरूनही पंधरा हजार घटक तपासावे लागतील.

यावर दोन मार्ग अनुसरले जातात. राष्ट्रीय नमुना पाहणीत केंद्राच्या नमुन्याबरोबर राज्याचाही नमुना घेतला जातो. महाराष्ट्रात हे काम अर्थ व सांख्यिकी संचालनालय करते. जानेवारी २०२५ पासून या पाहणीत जिल्हा हा मूलभूत स्तर धरण्यात आला. दुसरा मार्ग लघुक्षेत्र आकलनाचा असून, त्यात थोड्या नमुन्याला जनगणना, प्रशासकीय नोंदी व उपग्रह प्रतिमा यांची जोड देतात. क्षारपड जमिनीसारख्या आकाशातून काही अंशी दिसणाऱ्या गुणधर्मासाठी हा मार्ग विशेष उपयुक्त आहे; मात्र प्रतिमेवरील पांढरा डाग क्षाराचाच आहे, याची पडताळणी यादृच्छिक रीतीने निवडलेल्या काही शेतांतील माती तपासूनच करावी लागते.

सारांश, प्रमाणाविषयीचा कोणताही आकडा वाचताना केवळ ‘किती जणांना विचारले?’ एवढे पाहणे पुरेसे नाही. निवड कशी केली, उत्तर न देणारे किती होते, गुणधर्माची व्याख्या काय होती आणि तो आकडा नेमक्या कोणत्या क्षेत्राचा आहे, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी पहिल्याच प्रश्नाला सूत्र आहे; उरलेल्यांची उत्तरे पाहणी करणाऱ्याने स्वतः द्यावयाची असतात.